पिठाचा कोंबडा

ज्या गोष्टीची निंदा करावयाची ती आधीं नीट पाहावी, हा नियम आम्ही वर्गांत अनेक वर्षें सांगत आलों. तो स्वतः पाळण्याची वेळ गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आली. आमचे चिरंजीव रात्रीं उशिरापर्यंत संगणकापुढें बसून नेमबाजीचा एक खेळ खेळतात असें आमच्या दृष्टीस पडलें. पडद्यावर काळोख, त्यांतून धावून येणाऱ्या कवट्या, आणि आमच्या मुलाच्या हातून होणारा त्यांचा अखंड संहार! निषेधाचें एक छोटेखानी व्याख्यान मनांत जुळवून आम्ही त्याच्या खोलींत गेलों. त्यानें तें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हटलें, "बाबा, एकदां खेळून तरी पहा." आम्ही खेळलों, आणि अकराव्या सेकंदाला मेलों. व्याख्यान तेथेंच राहिलें.

या खेळाचें नांव 'डेव्हिल डॅगर्स'. सोराथ या ऑस्ट्रेलियांतील लहानशा मंडळीनें तो २०१६ सालीं बाहेर काढला. या जातीच्या खेळांचे पूर्वज म्हणजे टेक्ससमधील इड सॉफ्टवेअर या कंपनीचे १९९३ चा 'डूम' व १९९६ चा 'क्वेक'. त्या काळीं यंत्रांची शक्ति बेताची, म्हणून आकृति ओबडधोबड व कोनाकोनांच्या. वेग मात्र विलक्षण. पुढें मोठ्या कंपन्यांचे खेळ चित्रपटांसारखे होत गेले. त्यांत कथानक आलें, संवाद आले, हुबेहूब माणसांचे चेहरे आले. या थाटाला कंटाळून अलीकडे लहान लहान कारागिरांनीं मुद्दाम जुन्या वळणाचे खेळ रचावयास घेतले आहेत. छपाईची कला एवढी सुधारली असतां कोणी हौसेनें शिळाप्रेसच्या वळणाचीं अक्षरें पाडावीं, तशांतलाच हा प्रकार; पण त्यांत निव्वळ हौस नाहीं. अनावश्यक तें सारें काढून टाकल्यावर खेळाचें काय उरतें, हें पाहण्याची त्यांत जिज्ञासा आहे.

'डेव्हिल डॅगर्स'मध्यें फारच थोडें उरलें आहे. काळोखांत तरंगणारी एक फरसबंदी, एवढीच रणभूमि. तिच्या कडेवरून पाय घसरला तर मरण. आपला स्वतःचा एक हात तेवढा दिसतो, आणि बोटांतून सुऱ्यांचा वर्षाव होतो. शत्रूचा एकच स्पर्श पुरे. दुसरी संधि नाहीं. गोष्ट नाहीं, टप्पे नाहींत, विजय नाहीं. किती सेकंद जगलों, हाच काय तो हिशेब. पांचशें सेकंद जगणाऱ्यास एक मान ठेविला आहे; दुसरा कोणताही नाहीं. पाठीमागून येणाऱ्या प्रत्येक प्राण्याचा आवाज निराळा असल्यामुळें खेळणारा डोळ्यांइतकाच कानांनीं खेळतो. कांहीं शत्रु पडल्यावर तांबडें रत्न मागें राहतें. तीं गोळा केलीं म्हणजे हाताचें सामर्थ्य वाढतें. आणि मौज अशी कीं, हात मारावयाचा थांबला म्हणजेच तीं रत्नें आपण होऊन आपल्याकडे ओढलीं जातात. हें आमच्या ध्यानांत यावयास एक आठवडा लागला.

अशा खेळांनीं मुलें हिंस्र होतात काय, या प्रश्नांत आम्ही शिरत नाहीं. तो मोजमापाचा प्रश्न आहे व मोजणारे लोक त्यावर भांडत आहेत. हिंसक खेळ अल्पवयी मुलांस विकूं नयेत असा कॅलिफोर्निया संस्थानानें केलेला कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं रद्द ठरविला, तेव्हां न्यायमूर्ति स्कॅलिया यांनीं ग्रिमबंधूंच्या बालकथांतील क्रौर्याकडेही बोट दाखविलें होतें. कायद्यापुरतें तें ठीक आहे. पण कोणाचेंही कांहीं बिघडत नाहीं असें गृहीत धरलें, तरी आमचा प्रश्न शिल्लक राहतोच. ज्याला जीव नाहीं त्याला मारणें हें कृत्य स्वतः स्वच्छ आहे काय?

या प्रश्नाचें सर्वांत कठोर उत्तर आपल्याकडे फार पूर्वीं देऊन ठेविलेलें आहे. सोमदेवसूरीच्या शके ८८१ मधील (इ. स. ९५९) 'यशस्तिलक' चंपूंत, आणि त्याच शतकांत मान्यखेट येथें पुष्पदंतानें रचिलेल्या 'जसहरचरिउ' या अपभ्रंश काव्यांत, राजा यशोधराची कथा आहे. हें दुसरें काव्य डॉ. प. ल. वैद्य यांनीं संपादून १९३१ सालीं वऱ्हाडांतील कारंजा येथून प्रसिद्ध केलें. कथा अशी: राणीच्या व्यभिचारानें विटून राजा संसार सोडूं पाहतो, व आईला निमित्त म्हणून एका वाईट स्वप्नाची गोष्ट सांगतो. स्वप्नाच्या शांतीसाठीं देवीला पशु बळी दे, असें आई म्हणते. राजा जीवहत्येला तयार होत नाहीं. अखेर मायलेकांची तडजोड होते आणि पिठाचा कोंबडा करून तो देवीपुढें मारला जातो. तेवढ्या पापासाठीं दोघांनाही जन्मामागून जन्म पशुयोनींत भोगावे लागतात. मोर, कुत्रा असे फेरे करीत शेवटीं कोंबड्याच्याच जन्मांत राजाला स्वतःच्या मुलाच्या बाणानें मरण येतें.

पिठाला जीव नव्हता. मग पाप कशाचें? जैनांचें उत्तर स्पष्ट आहे: संकल्पाचें. राजानें पिठाला कोंबडा मानिलें, व त्या कोंबड्याच्या मरणापासून फळाची इच्छा केली. सुरी चालली ती पिठावर, पण मनांत कोंबडाच मेला.

आमच्या घरीं नवरात्रांत बोकडाच्या ऐवजीं कोहळा कापतात. आमच्या आईनें आजपर्यंत कोहळ्याला पहिली सुरी कधीं लाविलेली नाहीं. बायकांनीं ती लावूं नये, एवढेंच ती सांगते. ती सुरी दरवर्षीं आम्ही लावितों, आणि भाजी चिरावी तितक्याच निर्विकारपणें लावितों. एकाच कोहळ्यासंबंधानें दोघांच्या मनांत दोन निरनिराळ्या वस्तु आहेत, आणि सुरी ज्याच्या मनांत कांहींच नाहीं त्याच्या हातीं दिली जाते. ही व्यवस्था ज्या कोणी लाविली त्याला यशोधराची कथा ठाऊक नसेल, परंतु तिचें मर्म ठाऊक होतें.

ही कसोटी आमच्या खेळाला लावून पाहूं. पहिल्या दिवशीं कवटी अंगावर आली तेव्हां आम्ही खरोखर दचकलों, आणि ती फुटली तेव्हां आम्हांस बरें वाटलें. त्या क्षणीं आम्ही यशोधर होतों, हें कबूल केलें पाहिजे. पण चौथ्या-पांचव्या दिवशीं कवटी ही कवटी राहिली नाहीं. डावीकडून येणारा एक आवाज, एक अंतर, एक वळण, एवढेंच तिचें स्वरूप उरलें. या खेळांत कोण केव्हां येणार याचा क्रमही ठरलेला असतो. त्यामुळें मुरलेला खेळाडू मारीत नसतो, तो पाठ म्हणत असतो. वेगामुळें रागाला किंवा सूडाला जागाच राहत नाहीं. त्या मनोविकारांना लागणारी फुरसत येथें मिळत नाहीं. बुद्धिबळांत वजीर मारला म्हणून कोणी प्रायश्चित्त घेत नाहीं, तसेंच हें.

येथें कोणी म्हणेल कीं, संवयीनें कसायाचेंही मन असेंच निर्विकार होतें. मग तोही निर्दोष काय? ही शंका आम्हांस कांहीं दिवस फार छळीत होती. पण दोन संवयींत भेद आहे. कसायासमोर खरोखरीचा डोळा असतो, आणि संवय त्याला तो दिसूं देत नाहीं. खेळाडूसमोर कांहींच नसतें, आणि संवय त्याला तें 'कांहीं नाहीं' दाखविते. एक संवय सत्यापासून दूर नेते, दुसरी सत्याजवळ आणते. ज्या खेळांत हुबेहूब माणसें गयावया करतात, आणि तरी गोळी घाला असें सुचविलें जातें, त्यांच्याविषयीं आम्ही असें म्हणणार नाहीं. तेथें पिठाला कोंबड्याचीं पिसें मुद्दाम लाविलेलीं असतात.

येथवर आम्ही मुलाच्या बाजूनें निकाल दिला होता, आणि हा लेखही येथेंच संपला असता. पण जून महिन्यांतील एका संध्याकाळीं आम्ही एकटेच खेळत असतां शेजारच्या खोलींतून आईनें हांक मारली. तिचें वय ब्यायशी. दिवे लागणीची वेळ झाली होती. आम्ही "आलोंच" म्हटलें आणि उठलों नाहीं. खेळ कांहीं सेकंदांचाच. पण एक मरण संपलें कीं दुसरा जन्म एका कळीवर सुरू होतो, आणि आम्ही प्रत्येक जन्मांत "आलोंच" म्हणत राहिलों. शेवटीं गेलों तेव्हां ती भिंतीला धरून अंधारांत बटणापर्यंत पोंचली होती. ती पडली नाहीं. हें आमचें पुण्य नव्हे.

हिंसेची व्याख्या करतांना जैनांनीं प्रमाद हा शब्द मध्यभागीं ठेविला आहे. प्रमाद म्हणजे असावधपणा. त्या संध्याकाळीं आमच्याइतका सावध मनुष्य गांवांत दुसरा नसेल. पाठीमागची कवटी किती हातांवर आहे हें आम्हांस न पाहतां कळत होतें, आणि भिंतीवरून चांचपडणारा आईचा हात ऐकूं येत नव्हता.

आम्ही हें चिरंजीवांस सांगितलें, आणि दोष वेगाचा आहे असाही निष्कर्ष जोडला. तो म्हणाला, "पण बाबा, पुस्तक वाचतांनाही तुम्ही असेंच करतां." हें खरें आहे. ग्रंथ तर आपल्याला धांवावयास लावीत नाहीं. पानांत बोट घालून उठतां येतें, आणि तरी आम्ही अनेकदां उठलेलों नाहीं. तेव्हां वेगावर खापर फोडण्याची सोय गेली. मग त्या संध्याकाळीं आम्हांस बसवून ठेविलें कशानें? लाज वाटते, पण सांगावयास हवें: आंकड्यानें. मेल्यावर पडद्यावर जगांतल्या खेळाडूंची यादी येते, व तींत आपण कितवे हें दिसतें. आमच्यावर हजारों लोक होते, आणि आणखी चार सेकंद मिळाले असते तर त्यांतले कांहीं खालीं आले असते. त्या चार सेकंदांपुढें आईची हांक आम्ही तोलली होती. यशोधराच्या पापाचे दोन भाग आम्ही वर सांगितले. पिठाला कोंबडा मानण्याच्या आरोपांतून आम्ही स्वतःला मोठ्या युक्तिवादानें सोडविलें, आणि फळाच्या इच्छेचा भाग तपासावयास विसरलों.

याच कारागिरांनीं २०२२ सालीं 'हायपर डीमन' नांवाचा पुढचा खेळ काढला आहे. त्यांत हिशेब उलटा आहे: वेळ जाईल तसा आंकडा घटतो, व जो लवकर मारील तो वाढवितो. पहिल्यांत निदान जगण्याची मोजणी होती. तो खेळ आम्ही घेतला नाहीं. चिरंजीवांनीं घेतला आहे, व त्याला आम्ही मना केलेलें नाहीं, कारण मना करण्यास लागणारा अधिकार आमच्यापाशीं सध्यां नाहीं.

संगणकाचें टेबल मात्र आम्ही माजघरांत, आईच्या पलंगाशेजारीं हलविलें आहे. कवट्यांच्या आवाजाचा तिला त्रास होईल असें वाटलें होतें. ती म्हणते, पंख्याच्या आवाजापेक्षां बरा. परवां खेळ संपल्यावर तिनें विचारलें, "किती वेळ टिकलास?" आम्ही सांगितलें, "एक्केचाळीस सेकंद." "मग आतां पान घे," ती म्हणाली, "आमटी निवते आहे."