पक्ष वाढवावा की तत्त्व राखावे?



निवडणूक जवळ आली की आपल्या वस्तीत एक वाद हमखास निघतो. काही कार्यकर्ते म्हणतात, पक्ष मोठा करायचा तर जातीचा प्रश्न काढू नका, सर्वांना रुचेल तेच बोला. दुसरे म्हणतात, आपण आपलेच बरे. पडलो तरी चालेल.

या दोघांनीही १९३६ साल आठवावे. त्या वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणातील काही भाग बदलण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला. परिषद रद्द झाली. भाषण त्यांनी स्वतः छापले. त्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि त्याचे दार सर्व श्रमिकांना उघडे केले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. कोकणात खोताच्या वेठीला महार जुंपला होता, तसा कुणबीही. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईत आले.

म्हणजे पक्ष वाढला तो दुसऱ्याचे दुःख आपले मानून. आपले दुःख लपवून नव्हे. हा मार्ग सोपा नव्हता. १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन करावे लागलेच.

पाहुणे येताच बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत नेणारे एक घर मी पाहिले आहे. पाहुणे जेवून गेले. पण आपण कुणाकडे जेवलो हे त्यांना कळलेच नाही. मते अशी मिळाली, तर ती कुणाला मिळाली म्हणायची?

जयभीम!