दोन टोल्या आणि एक पेढी



विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट शब्बाथ शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. परंतु अल्प नाण्यालाही प्रभूच्या दृष्टीने मोल आहे, हे मुलांच्या अंतःकरणात कसे ठसावे? त्यासाठी मॅगी लीना वॉकर या कृष्णवर्णीय अमेरिकन भगिनीचे चरित्र त्यांना अवश्य सांगावे.

व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड हे मॅगीचे गाव. तिची आई पूर्वी गुलामगिरीत होती. सावत्र वडील अकाली वारल्यावर आईने लोकांचे कपडे धुऊन संसार चालविला, आणि धुतलेल्या कपड्यांची टोपली घरोघर पोहोचविण्याचे काम लहानग्या मॅगीकडे आले. तेथील फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट मंडळीत तिचा बाप्तिस्मा झाला. पुढे तिने शब्बाथ शाळेतही शिकविले.

आजारपणात व मृत्यूच्या प्रसंगी आपल्या सभासदांना आधार देणारी 'सेंट ल्यूक' नावाची संस्था होती. 1899 मध्ये, संस्था मोडकळीस आली असता, मॅगीबाईंनी तिची धुरा उचलली. 1903 मध्ये त्यांनी सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक उघडली. पेनी म्हणजे तेथील सर्वांत लहान नाणे. पहिल्याच दिवशी एक खातेदार अवघे 31 सेंट घेऊन आला, आणि तेही आदराने स्वीकारले गेले. अमेरिकेत बँक स्थापन करून तिचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत. मुलांनाही त्यांनी बचतीची गोडी लावली.

ही कथा सांगताना दोन गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, अन्याय झाकू नये. वेगळी बँक का लागली, असे मूल विचारील. कातडीच्या रंगावरून माणसांना तुच्छ लेखले जात होते, हे त्याला सरळ सांगावे. 1904 मध्ये रिचमंडच्या ट्रामगाड्यांत वर्णभेद लादला गेला, तेव्हा मॅगीबाईंनी बहिष्काराला पाठिंबा दिला, हेही सांगावे. आणि मग स्वतःलाच विचारावे: आपल्या घरात सावळ्या लेकराला चेष्टेने काय म्हणून हाक मारली जाते? देवाने आपल्या प्रतिरूपात घडविलेल्या मुलाचा तो उपहास नव्हे काय?

दुसरी, 'कष्ट केले आणि श्रीमंत झाल्या' असा शेवट करू नये. तसे केल्यास मूल धनाची पूजा शिकेल. बँकेतील पैसा मॅगीबाईंचा नव्हता. तो धुणी धुणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या माणसांनी विश्वासाने सोपविलेला होता. त्या मालक नव्हे, कारभारी होत्या. त्याच ठेवींतून अनेक कुटुंबांना घरासाठी कर्ज मिळाले. उतारवयात त्यांचे चालणे थांबले, चाकाची खुर्ची आली, तरी काम थांबले नाही. 1930 च्या सुमारास महामंदीत असंख्य बँका बुडाल्या. मॅगीबाईंची बँक मात्र इतर बँकांशी एकत्र होऊन तरली. 1934 मध्ये त्या प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या.

पालकहो, शिक्षकहो, येत्या रविवारी मुलांच्या हाती एकेक रिकामा डबा द्या. "यात साठवलेले कोणासाठी?" एवढेच विचारा, आणि उत्तर त्यांनाच शोधू द्या. कोणी आजारी सोबत्याचे नाव घेईल, कोणी घरी धुणे-भांडी करणाऱ्या मावशींचे. थोडक्यात विश्वासू राहण्याचा धडा तेथेच सुरू होतो.

तो धडा आधी आपण गिरवावा, म्हणून प्रभू आपणास कृपा देवो. आमेन.