वाकायचं कोणी?

सुधारणा हा शब्द आपल्या वस्तीला नवा नाही. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ती सुधारणा. वाकलेला माणूस ताठ झाला, एवढाच तिचा अर्थ. आज पेपरात कामगार सुधारणा छापून येते तेव्हा तिच्या शेजारी हमखास दुसरा शब्द असतो : लवचिकता. लवचिक म्हणजे वाकणारं. मग वाकायचं कोणी?

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या. २९ जुने कायदे त्यांच्या पोटात गेले. सगळ्यांना नेमणूकपत्र मिळणार, ही बातमी मोठ्या अक्षरात आली. चांगलंच आहे, नाही कशाला म्हणू? पण कामगार कमी करायला सरकारची परवानगी आधी १०० कामगारांच्या कारखान्याला लागायची, आता ३०० च्या. संपाआधी १४ दिवसांची नोटीस पूर्वी सार्वजनिक सेवांपुरती होती, आता सगळ्यांनाच. हे बारीक अक्षरात. संपाचा हक्क काढणं म्हणजे माणसाला गुलाम करणं, हे बाबासाहेबांनी १९३८ सालीच मुंबईच्या विधिमंडळात बजावलं होतं, आणि ७ नोव्हेंबरला ते कामगारांसोबत संपात उतरले होते.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातले दिवसाचे तास ९ चे १२ करायला मान्यता दिली. काळजी नको, कामगाराची लेखी संमती असेल तरच, असं पेपर सांगतो.

खरा सवाल इथंच आहे. आम्ही जिनिंगमधली माणसं. कापूस आहे तोवर काम, कापूस सरला की घर. अशा माणसापुढं मुकादम कागद धरतो. एका बाजूला १२ तास, दुसऱ्या बाजूला रिकामी चूल. तो सही करतो. ही संमती काय? ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्या हो ला किंमत नाही. ते हो भुकेचं असतं, माणसाचं नसतं.

आणि लवचिकता आम्हाला काहून शिकवता? गावगाड्यातला येसकर सगळ्यात लवचिक कामगार होता. तास ठरलेले नाहीत, काम ठरलेलं नाही. मध्यरात्री हाक आली तरी निघायचं. सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं, आणि मजुरी म्हणून शिळी भाकर. त्याचीही ना नव्हती म्हणतात. त्याला इचारलं कोणी?

पेपरवाला खोटंच लिहितो असं माझं म्हणणं नाही. आकडे खरे असतील. पण माणूस जिथं उभा राहतो तिथूनच त्याला दिसतं. मालकाच्या गच्चीवरून पाहिलं की संपात फक्त अडलेला रस्ता दिसतो, संप करणाराची चूल दिसत नाही. म्हणून तर १९२० साली 'मूकनायक' काढावा लागला. म्हणून हे शाईनं बरबटलेले चार कागद आपण आजही काढतो.

तेव्हा दोस्तांनो, बातमी वाचताना एक करा. लवचिकता शब्द आला की त्या वाक्यात कामगाराच्या जागी मालक घालून वाचा. मालक नफ्यात लवचिक राहील. मालकाला केव्हाही काढता येईल. मालकाची लेखी संमती घेऊन त्याला १२ तास रुईच्या धुरळ्यात उभं करता येईल. वाचताना हसू आलं, तर कुणाचा कणा वाकवायचं चाललंय ते तुम्हाला कळलं.