न उडालेली विमाने

जी वस्तू जगात कधी झालीच नाही, तिची हुबेहूब प्रतिकृती करता येते काय? प्रश्न प्रथमदर्शनी वेडगळ वाटेल. हुबेहूब म्हणावयाचे तर समोर मूळ हवे. आणि मूळच नसेल तर हुबेहूब कशाशी? परंतु मयूर विहारातील आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात गेली काही वर्षे आम्ही नेमका हाच उद्योग करीत आहोत, आणि ह्या प्रश्नाला हसण्यावारी नेल्याबद्दल आम्हांस एकदा मान खाली घालावी लागली आहे. म्हणून तो वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करतो.

आमचा छंद जलविमानांच्या लहान प्रतिकृती करण्याचा. दिवसभर कचेरीत टिपण्या लिहावयाच्या, सायंकाळी मेट्रोने यमुना ओलांडून घरी परतावयाचे आणि रात्री जेवणे आटोपली की त्याच मेजावर जुने वर्तमानपत्र पसरून बसावयाचे, असा आमचा क्रम. बाल्सा लाकूड, प्लास्टिकचे पातळ तक्ते, संपलेल्या बॉलपेनांच्या नळ्या, सँडपेपर आणि एक धारदार पाते, एवढीच सामग्री. प्रमाण एकास बहात्तर. म्हणजे सहा फुटी मनुष्य बरोबर एक इंचाचा.

आरंभी आम्ही घडून गेलेलीच विमाने करीत असू. पण त्यांतही ओढा विलक्षणांकडे. इटलीच्या काप्रोनी ह्यांनी १९२१ मध्ये माज्जोरे सरोवरावर एक विमान आणले. त्याला नऊ पंख, आठ इंजिने, आणि शंभर उतारू नेण्याची उमेद. ते दुसऱ्याच उड्डाणात पाण्यावर आदळले. अमेरिकेत हॉवर्ड ह्यूज ह्यांनी लाकडाची एक प्रचंड उडती नौका बांधली. तिच्या पंखांचा विस्तार ३२० फूट. २ नोव्हेंबर १९४७ रोजी ती सुमारे मैलभर उडाली, ती पहिली आणि शेवटची. आमच्या प्रमाणात तिचे पंख साधारण साडेचार फुटांचे होतात. सौभाग्यवतींनी हा प्रस्ताव जागेच्या अभावी नामंजूर केला.

अशा विमानांच्या सहवासात राहिले की जे झाले आणि जे होऊ शकले असते, ह्यांमधील भिंत पातळ होत जाते. एके दिवशी आम्ही ती ओलांडली आणि ‘मयूर’ नावाची एक टपालनौका कल्पिली. दिल्लीची यमुना पावसाळा सोडला तर उथळ आणि वाळूच्या बेटांनी भरलेली. तेव्हा एका खोल तळाऐवजी दोन रुंद, उथळ तळ दिले. ही कल्पना केवळ हवेतली नव्हती. इटलीची साव्होया-मार्केत्ती एस ५५ ही जोडतळाचीच उडती नौका होती, आणि १९३३ मध्ये तशा चोवीस नौका अटलांटिक ओलांडून शिकागोला पोहोचल्या होत्या. शेपटीला मात्र आम्ही मोराच्या पिसाऱ्यासारखा पंख्याचा आकार दिला. तेवढी हौस आमची.

येथे एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. कल्पनेला विमान कल्पिण्याची मुभा आहे. पाणी कल्पिण्याची नाही. पाणी तळाला चिकटून राहते. म्हणून उडत्या नौकेच्या तळाला मध्यावर एक पायरी असते. वेग वाढला की तेथून पाणी सुटते आणि तळ मोकळा होतो. ती पायरी नसेल तर विमान कितीही सुंदर असो, ते नदीतच धावत राहावयाचे. इंजिने उंचावर हवीत, नाहीतर तुषारांनी पंखे झिजतात. शिवाय आमची प्रतिकृती बादलीत तरंगली म्हणून खरे विमान उडेल असेही सिद्ध होत नाही. कारण आकार बहात्तरपट केला की पंखांचे क्षेत्रफळ ५,१८४ पटींनी वाढते आणि त्याच सामग्रीचे वजन ३,७३,२४८ पटींनी. जी वस्तू नाही, तिचेही असे कठोर नियम असतात. हुबेहूबपणा मुळाशीच असावा लागतो असे नाही. तो नियमांशीही असू शकतो. आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस मिळाले असे वाटून आम्ही मनोमन सुखावलो.

परंतु ते उत्तर अर्धेच होते. त्या वर्षी गणेशोत्सवात आमच्या परिसरातील मराठी कुटुंबांनी मुलांसाठी छोटेसे प्रदर्शन भरविले. तेथे ‘मयूर’ ठेवताना शेजारी एक पुठ्ठ्याची चिठ्ठी हवी म्हणून आम्ही सुवाच्य अक्षरांत लिहिले: “मयूर. टपालवाहू उडती नौका. १९३८ मध्ये दिल्लीस यमुनेवर उतरली.” गंमत म्हणून लिहिले. त्या गमतीला आम्ही खऱ्या इतिहासाचे अस्तर लावले होते, कारण इंपीरियल एअरवेजच्या उडत्या नौका त्या काळी कराचीहून राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद असे तलाव आणि नद्या गाठीत कलकत्त्यास जात असत. त्या मार्गावर दिल्ली तेवढी नव्हती. ती आम्ही घातली.

दुसऱ्या दिवशी एक वृद्ध गृहस्थ त्या प्रतिकृतीपुढे बराच वेळ उभे होते. मूळचे ग्वाल्हेरचे, चाकरीनिमित्त दिल्लीस आले आणि येथेच स्थिरावले. ते आम्हांस म्हणाले, “माझे वडील सांगत असत, आम्ही तलावावर विमान उतरताना पाहिले. आम्ही भावंडे त्यांना हसत असू. तलावावर कसे विमान उतरेल? आज कळले, ते हेच असणार.” त्यांचे डोळे भरून आले होते. त्याच क्षणी खरे सांगून टाकावयास हवे होते. आम्ही स्मित केले आणि गप्प राहिलो. आपल्या हातच्या कामाने कोणाचे डोळे ओलावले, ह्या अभिमानाने आमची जीभ धरून ठेवली. पुढील चार दिवस ते येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून ‘मयूर’ दाखवीत होते. आणि त्यांच्या वडिलांनी ते विमान ग्वाल्हेरच्या तलावावर नव्हे, यमुनेवरच पाहिले असे होत गेले.

खोट्या गोष्टी जन्मतात त्या अशा. त्यासाठी कोणी लबाडच असावा लागतो असे नाही. एकाची हौस, दुसऱ्याची श्रद्धा आणि तिसऱ्याचे मौन एवढे पुरते. शिवकर बापूजी तळपदे ह्यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले, ही कथा आपणांपैकी पुष्कळांनी लहानपणी अभिमानाने ऐकली असेल. तिला भरवशाचा समकालीन पुरावा नाही. जे ‘वैमानिकशास्त्र’ ह्या संदर्भात पुढे केले जाते, ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासले. त्यांच्या मते तो ग्रंथ विसाव्या शतकातीलच असून त्यांतील विमाने उडणे शक्य नाही. तळपद्यांचा ध्यास ह्यामुळे हास्यास्पद ठरतो असे आम्हांस मुळीच वाटत नाही. ज्याने परतंत्र देशात विमानाचे स्वप्न पाहिले, त्याला स्वप्न पाहणारा म्हणून मान देण्यात आपल्याला कमीपणा का वाटावा? आपण त्याच्या स्वप्नाला घडून गेलेली गोष्ट म्हटले, आणि त्यामुळे स्वप्नाचे मोल तर गेलेच, घटनाही हाती लागली नाही. त्याच गिरगाव चौपाटीवर डिसेंबर २०१७ मध्ये एक लहान जलविमान खरोखर पाण्यावरून उडाले. ती चाचणी होती, आणि तिला चाचणीच म्हटले गेले.

आम्ही कारकून. आमच्या मेजावरून रोज असे कागद जातात की ज्यांतील निम्मे कधीच अंमलात येत नाहीत. पण त्यांना कोणी खोटे म्हणत नाही, कारण त्यांच्या माथ्यावर ‘मसुदा’ असे लिहिलेले असते. मसुद्यात नसलेला रस्ता आखता येतो, नसलेले पद निर्माण करता येते. मात्र तो एक शब्द खोडून खाली सही ठोकली, की तोच कागद गुन्हा होतो. मजकूर तोच, अक्षर तेच. आयुष्यभर हा भेद पाळणाऱ्या आम्हांस, तो कचेरीच्या बाहेरही पाळावा लागतो, हे मात्र सुचले नाही.

विसर्जनानंतर आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. सांगणे सोपे नव्हते. ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे बाबांनी पाहिले ते हे नव्हे.”

“नव्हे, काका. त्यांनी पाहिले ते खरे होते. आमचे खोटे होते.”

“तुम्ही सांगितले नसते तरी चालले असते,” ते म्हणाले. ह्या वाक्यात क्षमा होती की तक्रार, ते आम्हांस आजही नीट उमगलेले नाही. कदाचित दोन्ही असेल. निरोप घेताना मात्र ते दारापाशी थांबले. “मग खरे कसे होते ते करून दाखवा.”

त्यासाठी आम्हांस पाच महिने लागले. शॉर्ट एम्पायर उडती नौका: चार इंजिने, चोवीस उतारू, पंखांचा विस्तार ११४ फूट, आमच्या प्रमाणात एकोणीस इंच. तळाची पायरी करताना हात कापत होता, कारण ह्या खेपेस चुकण्याची मुभा नव्हती. ती आज त्यांच्या दिवाणखान्यात वडिलांच्या तसबिरीखाली आहे.

‘मयूर’ आमच्याच घरी आहे. तिच्यापुढील चिठ्ठी आम्ही बदलली. आता तेथे लिहिले आहे: “हे विमान कधी झाले नाही. झाले असते तर असे असते.” घरी येणारी मुले ती चिठ्ठी वाचतात आणि मग खाली वाकून तळ पाहतात, बोटाने पायरी चाचपतात, यमुनेत पाणी किती असते ते विचारतात. पूर्वीची चिठ्ठी वाचून तळाकडे कोणीच पाहिले नव्हते.