इयादत आणि तीमारदारी

उर्दूत दोन शब्द आहेत. इयादत म्हणजे आजाऱ्याची विचारपूस; तीमारदारी म्हणजे शुश्रूषा. पहिली घटकाभरात आटोपते, दुसरीला रात्री जागाव्या लागतात.

गडचिरोलीच्या आदिवासींना हे ठाऊक होते. १९८६ साली तेथे आलेल्या डॉ. अभय व राणी बंग यांनी शोधग्रामात दवाखाना उभारला, तो आदिवासींच्याच इच्छेने झोपड्यांचा. नातलगांना रुग्णाजवळ राहता यावे म्हणून.

आम्ही मात्र चंद्रपूरहून नागपूरला एकालाच धाडतो. तो उशाशी बसून मोबाईलवर नोकरीही सांभाळतो. नोकरी गेली तर औषध कोठून आणणार? आजाऱ्याने पाणी मागताच तो ‘थांबा’ म्हणतो, आणि आम्ही घरबसल्या त्याला दोष देतो.

जनाज्याची नमाज काहींनी अदा केली की बाकीचे मोकळे होतात. जिवंत माणसाच्या उशाशी तो हिशेब लावू नये. फोन केला ती इयादत झाली. तीमारदारी करायची तर एक रात्र आम्हीही जागावी.