पोटदुखी

बीड जिल्ह्यातल्या एका गावात एक मुलगी होती. दसरा झाला की तिचे आईबाप मुकादमाची उचल घेऊन ऊस तोडायला जायचे. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परत यायचे नाहीत. मागे घरात म्हातारी आजी, ही मुलगी, आठवीतला भाऊ आणि दुसरीतली बहीण.

मुलगी दहावीत होती. दिवाळीनंतर तिचं पोट दुखू लागलं. रोज सकाळी, नेमकं प्रार्थनेच्या वेळी. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही.

गुरुजी म्हणाले, "परीक्षेची भीती आहे. अभ्यास वाढव."

मुलीनं मान हलवली. रात्री ती आणखी तासभर जागू लागली. पोट आणखी दुखू लागलं.

शाळेत एक बाई होत्या. त्यांनी तिला कोरा कागद दिला. "उठल्यापासून निजेपर्यंत काय काय करतेस, तेवढं लिहून आण."

दुसऱ्या दिवशी कागद दोन्ही बाजूंनी भरलेला होता. पाणी, झाडलोट, भाकऱ्या, बहिणीची वेणी, आजीचं औषध, शेळी, धुणं, पुन्हा भाकऱ्या. अभ्यास अगदी खाली, शेवटच्या ओळीत.

संध्याकाळी बाई मुलीच्या घरी गेल्या. भाऊ अंगणात बॅट घेऊन उभा होता. बाईंनी कागद त्याच्या हातात दिला आणि आजीला वाचून दाखवायला सांगितला. तो भराभर वाचू लागला. निम्म्यावर आल्यावर त्याचा आवाज बारीक झाला.

पहाटे त्यानं हंडा उचलला. हापशावर पोरं हसली, "बायकांचं काम करतोय बघा!" त्याचे कान लाल झाले, पण त्यानं हंडा खाली ठेवला नाही. आठवीतल्या पोराला हे सोपं नसतं.

गावच्या जिल्हा परिषद शाळेत ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालायचं. बाईंनी धाकट्या दोघांची नावं तिथे घातली. त्यांच्या रात्रीच्या जेवणाची सोय झाली. चूल लवकर विझू लागली आणि मुलगी दिवेलागणीलाच पुस्तक घेऊन बसू लागली.

पहिल्या पेपरला पोटात थोडं दुखलंच. दहावीच्या पेपरला तेवढं कुणाच्याही पोटात दुखतं. पण ती शेवटची घंटा होईपर्यंत लिहीत राहिली.

तुमच्याही घरात शाळेत जाणारी मुलगी असेल, तर तिला "अभ्यास कर" म्हणण्याआधी तिच्या हातातलं एक काम आपल्या हातात घ्या.