कुपाटीतलं बोर

आमच्या आजीचा बोरांबाबत एक कायदा होता. शेजारच्या रानातलं बोर कुपाटीच्या बाहेर पडलं असेल तर उचलायचं. आत पडलेल्याला हात लावायचा नाही. "आन् भोकातनं हात घालायचा न्हाई. भोक पडलंय म्हंजी मालकानं बोलावलंय असं न्हाई," ती म्हणायची.

हा कायदा मला पुन्हा आठवला तो दहावीत असताना, केबलवाल्याच्या माडीवर.

आमचं गाव माण तालुक्यातलं. १९९२ साली झी टीव्ही सुरू झालं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडेही एका माडीवर जाळीची मोठी डिश बसली. तिथून वायरी निघाल्या, कौलांवरून, लिंबाच्या फांद्यांवरून घरोघर गेल्या. एक इंग्रजी सिनेमाचं चॅनल मात्र नीट दिसायचं नाही. चित्र तिरकं फाटलेलं, माणसांचे चेहरे फोटोच्या निगेटिव्हसारखे. आवाज मात्र स्वच्छ. आम्ही पोरं त्या फाटक्या चित्राकडं डोळे बारीक करून तासन्तास बघायचो.

केबलवाला सांगायचा, "ह्याला स्क्रँबलिंग म्हणत्यात. मुद्दाम बिघडवून पाठवत्यात."

पुढं पॉलिटेक्निकला गेल्यावर ते कोडं उलगडलं. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीचं चित्र ६२५ ओळींचं. प्रत्येक ओळ कुठं सुरू होते हे टीव्हीला कळावं म्हणून सिग्नलमध्ये एक खूण असते. साध्या पद्धतीत ती खूणच दाबून टाकायचे आणि काळ्याचं पांढरं करायचे. टीव्ही बिचारा ओळीची सुरुवात शोधत भरकटायचा. पण मूळ चित्र आत शाबूतच असायचं. ओळी ठरलेल्या तालावर येतात, म्हणून हरवलेली खूण एखादं साधं सर्किट पुन्हा घालू शकायचं.

विलायतेत स्काय कंपनीचं कुलूप जास्त पक्कं होतं. त्याचं नाव व्हिडिओक्रिप्ट. त्यात प्रत्येक ओळ २५६ पैकी एका जागी कापून दोन्ही तुकड्यांची अदलाबदल करायचे. कुठं कापलं ते ग्राहकाच्या डब्यातल्या कार्डावरून ठरायचं आणि दर काही सेकंदांनी त्याचं गणित बदलायचं. तरी ते फुटलं. चित्रातली एक ओळ तिच्या शेजारणीसारखीच दिसते. जर्मनीतल्या मार्कुस कून या विद्यार्थ्यानं संगणकावर शेजारच्या ओळी एकमेकींशी जुळवून काप शोधून दाखवले. दुसरं भोक त्याहून मोठं होतं. कार्ड डब्याला जे उत्तर द्यायचं ते सगळ्या घरांत एकच असायचं. एका कार्डाचं उत्तर ऐकलं की दुसरा डबाही त्यावर चालायचा.

हे वाचताना आजीची कुपाटी डोळ्यांपुढं यायची. आकाशातून येणारा सिग्नल सगळ्यांच्याच कौलांवर पडतो. माझ्या अंगणात पडलेलं मी का उचलू नये? अमेरिकेत खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांनी अंगणात मोठाल्या डिश लावल्या होत्या, त्यांचं हेच म्हणणं होतं. १९८४ च्या तिथल्या कायद्यानं, कुलूप नसलेला सिग्नल घरच्या घरी बघायला मोकळीक दिली. मग १९८६ च्या जानेवारीत एचबीओनं आपला सिग्नल कायमचा कुलूपबंद केला. म्हणजे बाहेर पडलेलं बोर तुमचं, कुपाटीतलं मालकाचं. आजीला अमेरिका ठाऊक नव्हती, पण कायदा तोच.

तरी सगळं इतकं सरळ नाही. स्कायचं कार्ड जर्मनीत विकतच नव्हते. पैसे हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला मालक म्हणतो, तुला विकायचं नाही. त्यानं काय करावं? मला अजून नक्की सांगता येत नाही.

माझी गोष्ट मात्र त्याहून सोपी होती, म्हणूनच जास्त बोचते. आमच्या केबलवाल्यानं कुलूप फोडलं नाही. त्यानं त्या चॅनलचा डबा रीतसर घेतला. पैसे घरांच्या संख्येवर भरायचे होते. माझं अक्षर बरं म्हणून त्यानं फॉर्म माझ्यापुढं सरकवला.

"किती घरं लिहू, दादा?"

"साठ लिही."

वायरी एकशे चाळीस घरांत गेल्या होत्या. गल्ल्यागल्ल्यांतून त्याच्या शिडीचं टोक धरून मीच हिंडलो होतो. मी थांबलो, तर तो म्हणाला, "खरं लिहिलं तर महिन्याचं पैसं वाढवावं लागतील. खालच्या वाडीतली लोकं वायर काढून टाकतील. बघ बाबा, तुझ्या हातात हाय."

मी साठ लिहिलं. त्यानं वीस रुपये दिले. त्यातून मी कंपासपेटी घेतली.

रात्री आजीला सांगितलं. वाटलं, कंपनी लांबची, परक्या मुलखातली, आजी हसेल. ती वाती वळत होती. म्हणाली, "लोकांनी पैसं दिलं ना?"

"दिलं."

"मग लोकं चोर न्हाईत. त्यो म्हणतोय गरिबांसाठी केलं. त्या ऐंशी घरांचं पैसं त्यानं माफ केलं का?"

माफ केलं नव्हतं. खालच्या वाडीतूनही महिन्याच्या महिन्याला पूर्ण पैसे गोळा व्हायचे. ते मला ठाऊक होतं. फॉर्म लिहिताना मी ते आठवलं नाही, एवढंच.

पुढं किती तरी कुलपं कशी फुटली ते मी शिकलो. कुणी ओळी जुळवल्या, कुणी कार्डाचं बोलणं ऐकलं. आमच्या गावात यातलं काहीच लागलं नाही. मालकानं विश्वासानं आकडा विचारला आणि मी सुवाच्य अक्षरात खोटा लिहिला. कुपाटीला पडलेलं ते भोक म्हणजे मीच होतो.

कंपासपेटी अजून आहे. पत्र्याची, कोपरे गंजलेले. नातवानं परवा विचारलं, शेजारच्यांचा पासवर्ड वापरला तर काय बिघडतं. मी त्याला बोरांची गोष्ट सांगितली. पेटीची अजून सांगायची आहे.